स्पोर्ट क्वाडचे पुढचे शॉक: कमी खर्चात सुधारणा कशी करावी

स्पोर्ट क्वाडची, म्हणजे मोटारसायकलसारखे हँडल असलेल्या, कच्च्या वाटांवर चालवायच्या चारचाकीची पुढची चाके प्रत्येक खड्ड्याला हँडलवर हिसके देऊ लागली, किंवा लहानशा उडीनंतरही सस्पेन्शन खाली टेकून ठणका बसू लागला, की बहुतेक चालक थेट नव्या शॉकच्या (धक्के शोषणाऱ्या भागांच्या) किमती पाहू लागतात. रेसिंगसाठी बनवलेल्या शॉकची नवी जोडी जुन्या क्वाडच्या एकूण किमतीतला मोठा हिस्सा खाऊन टाकू शकते, आणि केवळ हौसेसाठी गाडी चालवणाऱ्याला तिची गरज क्वचितच असते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मर्यादित पैसा आधी आपल्या वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंगवर खर्च करावा, मग तेल, सील आणि नायट्रोजनवर, आणि सर्वांत शेवटी दुसऱ्या शॉकवर. दुसरा शॉक घ्यायचाच झाला, तर तो बसेल की नाही हे त्यावरच्या नावावरून नव्हे, मोजमापावरून ठरते.

दोष खरोखर शॉकचा आहे का

शॉकला हात लावण्यापूर्वी पुढचा भाग जॅकवर उचलून स्टँडवर टेकवावा आणि प्रत्येक चाक वर-खाली व डावी-उजवीकडे हलवून पाहावे. वर-खाली हलवताना खडखड जाणवली तर बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोल सांधा) किंवा ए-आर्मचे (चाक फ्रेमला जोडणाऱ्या आडव्या दांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या बाह्या, झिजलेले असतात. आडवे हलवताना जाणवली तर बहुधा टाय रॉडची, म्हणजे हँडलची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याची, टोके सैल असतात. चाक फिरवताना घरघर ऐकू आली तर हबचे बेअरिंग संपत आले आहे. यांपैकी कोणताही दोष असताना महागडे शॉक बसवले तरी हँडलचे हिसके थांबत नाहीत, आणि नव्या शॉकचीही विनाकारण बदनामी होते.

शॉकच्या वरच्या आणि खालच्या डोळ्यांतले, म्हणजे बोल्ट जातो त्या कड्यांतले, बुश वेगळे तपासावेत. चाक हवेत असताना शॉक हाताने धरून हलवला आणि डोळ्यापाशी ‘टक्’ असा आवाज आला, तर तो बुश बदलावा. हा सुटा भाग स्वस्त असतो आणि एवढ्या एका कामाने पुढचा भाग निम्मा शांत झालेला दिसतो.

टायरमधली हवाही विसरू नये. स्पोर्ट क्वाडच्या टायरला मोटारसायकलच्या मानाने फारच कमी हवा लागते. अनेक मॉडेलांत ती ४ ते ५ पीएसआयच्या आसपास असते. मोटारसायकलसाठीच्या साध्या गेजवर एवढा कमी आकडा नीट वाचता येत नाही, त्यामुळे हवा दुप्पट भरली गेली तरी कळत नाही. अशी गाडी दगडासारखी चालते आणि दोष मात्र शॉकच्या माथी येतो. कमी दाबाचा गेज घ्यावा आणि गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणेच हवा ठेवावी.

शॉकवर क्लिकर, म्हणजे टकटक करत फिरणारे जुळवणीचे स्क्रू असतील, तर जुन्या मालकाने ते कुठे ठेवले आहेत हे आधी नोंदवावे आणि मग पुस्तिकेत दिलेल्या मूळ स्थितीवर आणावेत. रिबाउंडचा (शॉक परत ताणला जाणे आवरणारा) स्क्रू पूर्ण आवळलेला आणि कॉम्प्रेशनचा (शॉक दबणे आवरणारा) पूर्ण सैल, अशी अवस्था वापरलेल्या गाड्यांत सर्रास आढळते.

स्प्रिंग: सर्वांत कमी खर्चाची, सर्वांत मोठी सुधारणा

कारखान्यातून येणारी स्प्रिंग एका ठरावीक वजनाचा चालक गृहीत धरून निवडलेली असते. चालक त्याहून बराच जड किंवा बराच हलका असेल, तर उत्तम शॉकही चुकीचा वागतो. त्यामुळे पहिले मोजमाप सॅगचे, म्हणजे चालकाच्या वजनाने सस्पेन्शन किती खाली बसते याचे.

पुढचा भाग उचलून चाके पूर्ण लोंबकळू द्यावीत आणि हबच्या मध्यापासून त्याच्या बरोबर वर असलेल्या फ्रेमवरील एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी सपाट जमिनीवर उतरवून, हेल्मेट आणि बुटांसह चालकाला नेहमीच्या पद्धतीने बसवावे, हँडल दोनचार वेळा दाबून सोडावे, आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्हींमधला फरक म्हणजे सॅग. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजाव्यात. पुढच्या चाकाच्या एकूण प्रवासाच्या पाव ते एक तृतीयांश इतका सॅग हा सुरुवातीसाठी योग्य पल्ला आहे. यामाहाच्या २००४ च्या वायएफझेड ४५० वर पुढचा प्रवास २३० मिलिमीटर आहे. त्या हिशेबाने सॅग साधारण ६० ते ७५ मिलिमीटर यायला हवा.

सॅग जास्त आला, की प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, रिंग आवळण्याचा मोह होतो. थोडी आवळून काम झाले तर उत्तमच. परंतु प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे नीट समजून घ्यावे. दर मिलिमीटरला लागणारा जोर तोच राहतो. फक्त गाडीची उभी राहण्याची उंची वाढते आणि स्प्रिंग हलायला सुरुवात होण्यासाठी लागणारा पहिला जोर वाढतो. रिंग अगदी शेवटच्या आट्यांपर्यंत नेऊनच सॅग जुळत असेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि ती बदलायला हवी. अशा गाडीची एक ओळखीची खूण म्हणजे ती लहान खडीवर खडखडत चालते आणि मोठ्या उडीत मात्र धाडकन खाली टेकते. एकाच वेळी कडकही वाटते आणि मऊही.

नवी स्प्रिंग निवडताना तिचा दर, म्हणजे एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारा जोर, माहीत असावा लागतो. बऱ्याच स्प्रिंगांवर तो छापलेला असतो, पण एकके वेगवेगळी असतात. १ न्यूटन प्रति मिलिमीटर म्हणजे सुमारे ५.७ पौंड प्रति इंच, आणि १ किलोग्रॅम प्रति मिलिमीटर म्हणजे सुमारे ५६ पौंड प्रति इंच, एवढे लक्षात ठेवले की तुलना करता येते. छाप पुसला गेला असेल तर व्हर्निअर कॅलिपरने तारेची जाडी, वेढ्याचा सरासरी व्यास आणि मोकळ्या (टोकांचे टेकलेले वेढे सोडून उरलेल्या) वेढ्यांची संख्या घेऊन दर काढता येतो. तारेच्या जाडीचा चौथा घात घेऊन त्याला पोलादाच्या ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या कर्तन गुणांकाने गुणावे. मग वेढ्याच्या सरासरी व्यासाचा घन, मोकळ्या वेढ्यांची संख्या आणि ८ या तिघांच्या गुणाकाराने भागावे.

उदाहरणादाखल, तारेची जाडी ८ मिलिमीटर, सरासरी व्यास ६२ मिलिमीटर आणि मोकळे वेढे १२ असतील, तर दर सुमारे १४ न्यूटन प्रति मिलिमीटर येतो. बाकी सारे तसेच ठेवून तार फक्त ८.५ मिलिमीटरची केली तर तोच दर १८ वर जातो. अर्ध्या मिलिमीटरने सव्वापटीहून अधिक फरक! म्हणून तारेवरचा रंग आणि गंज एका जागी खरवडून, तीनचार ठिकाणी माप घेऊनच हिशेब करावा. रंगाच्या थरावरून घेतलेले माप सरळसरळ फसवते. वेढ्यांचा सरासरी व्यास म्हणजे बाहेरचा व्यास वजा तारेची एक जाडी, हेही घाईत विसरले जाते.

काही शॉकवर एकावर एक अशा दोन स्प्रिंग असतात. अशा रचनेत वरची छोटी आणि खालची मोठी स्प्रिंग एकत्र दबतात, तेव्हा मिळून येणारा दर दोघींपैकी प्रत्येकीपेक्षा कमी असतो. २५ आणि ५० दराच्या दोन स्प्रिंग एकत्र दबताना सुमारे १६.७ चा दर देतात. छोटी स्प्रिंग पूर्ण मिटली किंवा मधली रिंग तिच्या अडसराला टेकली, की पुढे एकटी २५ ची मोठी स्प्रिंग काम करते. लहान खड्ड्यांत मऊपणा आणि मोठ्या उडीत आधार मिळवण्याची ही पद्धत आहे. जड चालकाने इथे दोन्ही स्प्रिंग बदलण्यापूर्वी फक्त मोठी बदलून पाहावी; बहुतेक वेळा तेवढे पुरते.

ए-आर्म लांब केलेल्या गाड्यांवर आणखी एक गुंता असतो. चाक जेवढे उचलले जाते त्याच्या मानाने शॉक किती दबतो, या गुणोत्तराला मोशन रेशो म्हणतात. चाक १०० मिलिमीटर उचलल्यावर शॉक ५० मिलिमीटर दबत असेल तर गुणोत्तर ०.५, आणि चाकापाशी जाणवणारा दर काढताना स्प्रिंगच्या दराला या गुणोत्तराच्या वर्गाने गुणावे लागते. १८ ची स्प्रिंग चाकापाशी केवळ ४.५ ची होते. लांब आर्म बसवल्याने, शॉकची खालची जागा तीच राहून, गुणोत्तर ०.४५ झाले तर तीच स्प्रिंग चाकापाशी ३.६ वर येते. आर्म बदलल्यावर ‘शॉक अचानक बसले’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुधा हेच असते. शॉक बिचारे होते तसेच असतात.

शॉकची सर्व्हिस

स्प्रिंग वजन पेलते, पण हालचाल आवरण्याचे काम शॉकच्या आतले तेल करते. दांड्याच्या टोकावरचा पिस्टन तेलातून सरकतो, तेल पिस्टनच्या छिद्रांतून आणि त्यांवर बसवलेल्या पातळ चकत्यांना वाकवत पुढे जाते, आणि त्या विरोधातून डॅम्पिंग तयार होते. तेलाच्या पलीकडे पडदा किंवा तरंगता पिस्टन असतो आणि त्यामागे दाबाखालचा नायट्रोजन. हा दाब नसेल तर वेगवान हालचालीत पिस्टनमागे तेलात पोकळ्या आणि फेस तयार होतो, आणि फेसाला विरोध करता येत नाही. राइडच्या सुरुवातीला ठीक वाटणारी गाडी थोड्या वेळाने उसळ्या मारू लागते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच, नाहीतर तापून पातळ झालेले जुने तेल.

आपला शॉक उघडता येण्याजोगा आहे का, हे आधी पाहावे. रिझर्व्हॉयर (तेल आणि वायूची जोडटाकी) असलेले आणि नायट्रोजनचा वॉल्व्ह दिसणारे शॉक सहसा उघडता येतात. कडा दाबून कायमचे बंद केलेले साधे शॉक उघडण्याच्या भानगडीत कमी बजेटमध्ये पडू नये. त्यांचे आयुष्य संपले की ते बदलावेत.

इथे घरी करण्याचे काम आणि कारागिराकडे देण्याचे काम यांची सरळ वाटणी करावी, असे मला वाटते. शॉक काढणे, धुणे, स्प्रिंग उतरवणे, बुश बदलणे आणि पुन्हा बसवणे ही कामे घरी करावीत. मजुरीचा बराच भाग तिथेच वाचतो. सील बदलणे, तेलातली हवा काढणे, तरंगत्या पिस्टनची खोली जुळवणे आणि नायट्रोजन भरणे हे काम शॉक दुरुस्त करणाऱ्या दुकानाला द्यावे. आतली हवा पूर्ण निघाली नाही तर नवे सील आणि नवे तेल, दोन्ही खर्च वाया जातात, आणि नायट्रोजनचा सिलिंडर व रेग्युलेटर एका जोडीसाठी विकत घेणे मुळीच परवडत नाही.

दाब असलेला शॉक कोणत्याही परिस्थितीत तसाच उघडू नये. वॉल्व्ह चेहऱ्यापासून दूर वळवून, डोळ्यांना चष्मा लावून, दाब पूर्ण सोडल्याशिवाय टोपीला किंवा आतल्या रिंगला पाना लावायचा नाही. नायट्रोजनऐवजी साधी हवा भरण्याचा सल्लाही काही जण देतात. तिच्यात ओलावा असतो, त्यामुळे आतून गंज धरतो आणि तापल्यावर दाब बेभरवशाने बदलतो. ऑक्सिजन तर कधीच भरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोटाचा धोका असतो.

भरलेला दाब नंतर साध्या गेजने तपासण्याचा उत्साहही आवरावा. शॉकमधली वायूची जागा इतकी लहान असते की गेज लावल्यावर त्याच्या नळीत शिरलेला वायूच दाब लक्षणीय कमी करतो, आणि दिसणारा आकडा आधीच्या दाबाचा राहत नाही.

दुकानात शॉक देताना चालकाचे वजन, सॅगची मोजमापे, आर्मची लांबी आणि गाडी कशावर चालते, म्हणजे वाळूचे ढीग, उड्यांचा ट्रॅक की झाडीतल्या वाटा, हे लिहून द्यावे. उघडलेल्या शॉकमध्ये चकत्या बदलण्याचा अतिरिक्त खर्च तुलनेने थोडा असतो, कारण मजुरीचा मुख्य भाग उघडण्या-बंद करण्याचाच असतो. कडक स्प्रिंग टाकली असेल तर रिबाउंडही त्या मानाने वाढवावा लागतो. नाहीतर दबलेली स्प्रिंग चाकाला झटक्याने परत फेकते. रिबाउंडचा क्लिकर नसलेल्या शॉकमध्ये थोडे जाड तेल घालणे हा गरिबाचा उपाय आहे, पण तो कॉम्प्रेशनही वाढवतो, हे गृहीत धरूनच करावा.

दुसऱ्या मॉडेलचे वापरलेले शॉक

मूळ शॉक उघडता येत नसतील किंवा दांडाच खराब झाला असेल, तर वरच्या दर्जाच्या एखाद्या मॉडेलचे कारखान्यातले वापरलेले शॉक हा मला सर्वांत शहाणपणाचा पर्याय वाटतो. होंडाच्या टीआरएक्स ४००ईएक्ससारख्या मॉडेलांना पुढे केवळ प्रीलोड बदलता येणारे साधे शॉक होते. नंतर आलेल्या ४५० वर्गातल्या रेसकडे झुकणाऱ्या क्वाडना रिझर्व्हॉयर आणि क्लिकर असलेले शॉक कारखान्यातूनच मिळाले. अशा गाड्यांचे मालक स्वतः महाग शॉक घेतात आणि मूळ जोडी काढून विकतात, त्यामुळे ती जोडी वाजवी भावात मिळते. यामाहाच्या जुन्या बँशीवर वायएफझेड ४५० चे शॉक बसवणे ही याच हिशेबातून रूढ झालेली क्लृप्ती आहे.

शोधताना एक गोष्ट उपयोगी पडते. सुझुकीची एलटी-झेड४००, कावासाकीची केएफएक्स४०० आणि आर्क्टिक कॅटची डीव्हीएक्स४०० या मुळात एकाच गाडीच्या तीन आवृत्त्या आहेत. म्हणून एका नावाखाली भाव चढा असेल तर दुसऱ्या दोन नावांखाली पाहावे. याउलट नावसाधर्म्य फसवेही असते. २००९ ची वायएफझेड ४५०आर ही आधीच्या वायएफझेड ४५० पेक्षा रुंद आहे, तिच्या पुढच्या चाकाचा प्रवास २५० मिलिमीटरचा आहे आणि आर्मची भूमितीही निराळी आहे. नावात एका अक्षराचा फरक दिसला, तरी शॉक सरळ अदलाबदल होतील असे मानू नये.

खरेदीपूर्वी आपल्या मूळ शॉकची मापे कागदावर तयार असावीत. पूर्ण ताणलेल्या स्थितीत वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी, दांड्याचा उपयोगी प्रवास, दोन्ही डोळ्यांची रुंदी आणि बोल्टचा व्यास, एवढे किमान हवे. लांबीतला फरक वरकरणी क्षुल्लक वाटतो. शॉक १० मिलिमीटर लांब असेल आणि गुणोत्तर ०.५ असेल, तर चाक २० मिलिमीटर अधिक खाली लोंबते. तेवढ्याने बॉल जॉइंट त्याच्या मर्यादेला टेकू शकतो, टाय रॉड वाकड्या कोनात जाते आणि ब्रेकची नळी ताणली जाते. शॉक दबल्यावर मूळपेक्षा आखूड होत असेल तर धोका उलट्या टोकाला असतो: शॉकच्या दांड्यावरचा रबरी बंपर टेकण्याआधीच आर्म फ्रेमला किंवा टायर मडगार्डला भिडतो.

विक्रेत्याकडे प्रत्यक्ष पाहताना दांडा सर्वप्रथम तपासावा. तो पुसून कोरडा करावा आणि नख त्याच्या लांबीने हळूहळू फिरवावे. नख अडकेल असा ओरखडा किंवा क्रोम उडून पडलेला खळगा दिसला, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटणार, हे निश्चित. दांड्यावर तेलाचा अगदी पातळ ओलसरपणा चालतो. पण सीलपाशी धूळ चिकटून काळा, दाट कडा तयार झाला असेल तर शॉक गळतो आहे. स्प्रिंग उतरवता आली तर दांडा हाताने आत ढकलून सोडावा. दाब शाबूत असेल तर तो आपोआप, सावकाश बाहेर येतो. जागच्या जागी राहिला तर वायू गेलेला आहे. आणि ढकलताना मध्येच काही अंतर विरोधच जाणवला नाही तर तेलात हवा शिरली आहे. या दोन्ही गोष्टी सर्व्हिसने सुधारतात, म्हणून त्या भाव पाडून घेण्याची कारणे समजाव्यात. वाकलेला दांडा, चेपलेली बॉडी आणि रिझर्व्हॉयरच्या नळीवरच्या भेगा यांचे तसे नाही. तिथून परत फिरावे.

दोन्ही शॉक खरोखर एका जोडीतले आहेत का, हे भाग क्रमांक आणि ताणलेली लांबी जुळवून पाहावे. नामांकित रेसिंग कंपनीचे वापरलेले शॉक असतील तर आधीच्या मालकाचे वजन आणि आर्मची लांबी अवश्य विचारावी. साठ किलोच्या मोटोक्रॉस चालकासाठी जुळवलेला उत्तम शॉक शंभर किलोच्या, झाडीतून फिरणाऱ्या चालकाला वाईटच वाटणार, आणि तो पुन्हा जुळवण्याचा खर्च खरेदीच्या भावात मिळवूनच तुलना करावी. चमकदार रंगाच्या स्प्रिंगचे, निर्मात्याचे नाव नसलेले स्वस्त नवे शॉक मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. त्यांचे सुटे सील मिळत नाहीत, स्प्रिंगचा दर कळत नाही आणि बरेचदा ते उघडताच येत नाहीत.

बसवण्याचे काम

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावावा आणि पुढचा भाग फ्रेमखाली जॅक देऊन उचलावा. नुसत्या जॅकवर विसंबू नये. फ्रेमखाली दोन भक्कम स्टँड द्यावेत. चाके काढावीत, आणि एका वेळी एकाच बाजूचा शॉक सोडवावा, म्हणजे काही शंका आली तर दुसरी बाजू नमुना म्हणून समोर असते. खालचा बोल्ट काढण्यापूर्वी आर्मखाली लाकडाचा ठोकळा द्यावा. नाहीतर आर्म एकदम खाली पडून ब्रेकच्या नळीला हिसका बसतो.

दुसऱ्या मॉडेलचा शॉक असेल तर पहिल्यांदा तो स्प्रिंगशिवाय बसवावा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात, पण संपूर्ण कामातली हीच एक पायरी अशी आहे की जिच्यावर मी अडून बसेन. स्प्रिंग नसल्यामुळे आर्म हाताने किंवा छोट्या जॅकने खालपासून वरपर्यंत पूर्ण हलवता येतो. अगदी खाली असताना बॉल जॉइंट अडकतो का, ब्रेकची नळी सैल आहे का हे पाहावे. मग चाक लावून आर्म रबरी बंपर टेकेपर्यंत वर न्यावा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. टायर, टाय रॉड, वरचा आर्म, रिझर्व्हॉयर आणि त्याची नळी यांच्यात कुठेही स्पर्श होता कामा नये. स्प्रिंगचा बाहेरचा व्यास मोजून, ती बसल्यावर वरच्या आर्मच्या दोन नळ्यांमध्ये मोकळी जागा उरेल की नाही, हेही याच वेळी ठरते. याच स्थितीत चाकाच्या दर २५ मिलिमीटरला शॉकची लांबी टिपून ठेवली, तर वर सांगितलेला मोशन रेशो फुकटात हाती येतो.

डोळ्याची रुंदी कंसापेक्षा कमी असेल तर उरलेली जागा लेथवर करून घेतलेल्या नेमक्या मापाच्या नळीने भरावी. वॉशरचे थर लावून काम भागवू नये. ते सरकतात, झिजतात आणि बोल्ट वाकतो. बोल्ट बारीक आणि डोळा मोठा असेल तर योग्य मापाचा बुश करून घ्यावा. उलट परिस्थितीत, म्हणजे बोल्ट जाड असल्यास, फ्रेमवरच्या कंसाचे छिद्र मोठे करण्याऐवजी शॉकच्या डोळ्यातला बुश बदलावा. फ्रेमवर नवे कंस वेल्ड करून शॉक बसवण्याचा विचार कमी बजेटच्या कामात सोडूनच द्यावा.

बोल्ट आवळताना पुस्तिकेत दिलेला टॉर्क पाळावा आणि स्वतः आवळून राहणारे नट नवे वापरावेत. सर्व आवळल्यावर शॉक आपल्या बोल्टभोवती हाताने किंचित हलायला हवा. डोळा दोन्ही बाजूंनी चेपला गेला असेल तर आर्म हलताना शॉकच्या दांड्यावर आडवा जोर येतो आणि सील लवकर जाते. सुटा रिझर्व्हॉयर फ्रेमला रबरी पट्टीसह पक्का करावा आणि नळी कुठे घासत नाही ना, हे चाक वर-खाली करून पाहावे.

शॉक बदलल्याने उभी उंची बदलते आणि उंची बदलली की चाकांचे टो, म्हणजे वरून पाहता ती आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत हे, बदलते. म्हणून चालक बसवून सॅग जुळवल्यानंतर दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यावर खडूने खूण करावी, हबच्या उंचीवर पुढच्या बाजूने दोन्ही खुणांमधले अंतर मोजावे, गाडी ढकलून त्याच खुणा मागे आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. मागचे अंतर पुढच्यापेक्षा पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच अधिक हवे. फरक असेल तर दोन्ही टाय रॉड सारख्याच प्रमाणात फिरवून तो काढावा.

जुळवणी

क्लिकर नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजले जातात. हलक्या हाताने बंद करावेत, आवळू नयेत. आतली सुई सहज खराब होते. दांड्यावर एक पातळ प्लॅस्टिकची टाय सैलसर बांधून सीलपर्यंत सरकवावी. राइडनंतर ती जिथे थांबलेली दिसेल, तेवढा प्रवास त्या दिवशी वापरला गेला. नेहमीच्या वाटेवरच्या सर्वांत कठीण उडीला ती रबरी बंपरपाशी जेमतेम पोचत असेल तर जुळवणी योग्य आहे. प्रत्येक उडीला बंपरपर्यंत जात असेल तर कॉम्प्रेशन दोन क्लिक वाढवावे. कधीच जवळपास जात नसेल तर कमी करावे.

रिबाउंडचा दोष ओळखायला लागोपाठ येणाऱ्या लहान उंचवट्यांची वाट उत्तम. पहिले दोनतीन उंचवटे सुखाने जाऊन पुढे गाडी अधिकाधिक कडक होत गेली, तर रिबाउंड फार मंद आहे. चाकाला पुढच्या धक्क्याआधी खाली यायला वेळच मिळत नाही आणि शॉक दबलेलाच राहतो. उलट, एकाच मोठ्या धक्क्यानंतर पुढचा भाग झटकन वर फेकला जात असेल तर रिबाउंड फार सैल आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दोन्ही बाजूंना सारखी बदलावी, आणि लिहून ठेवावी.

पुढचा भाग सुधारल्यावर गाडी वळणात सरळ घसरू लागली, तर पुढची उंची मागच्या मानाने जास्त झाली आहे. पुढचा प्रीलोड थोडा सैल करावा किंवा मागची उंची वाढवावी. ब्रेक लावल्यावर पुढचा भाग फार बुडत असेल आणि सॅग मात्र बरोबर असेल, तर प्रीलोडला हात न लावता कॉम्प्रेशन वाढवावे. ज्या शॉकला कमी वेगाचे कॉम्प्रेशन वेगळे बदलता येते, तिथे तेच वाढवावे.

पहिली राइड सावकाश आणि ओळखीच्या वाटेवर करावी, आणि ती संपताच शॉकचे चारही बोल्ट, टाय रॉडचे नट आणि रिझर्व्हॉयरच्या पट्ट्या पुन्हा तपासाव्यात. नव्या स्प्रिंग सुरुवातीला किंचित बसू शकतात, त्यामुळे काही राइडनंतर सॅग पुन्हा मोजून प्रीलोड दुरुस्त करावा, आणि त्याच वेळी दांडा पुसून सीलपाशी ताजे तेल दिसते का, हे पाहावे.